पायदळाच्या रायफलसाठी काडतूस कोणतं चांगलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतीय पायदळाकडे सध्या रायफलची तीन वेगवेगळी काडतुसं एकाच वेळी वापरात आहेत. इन्सास रायफलचं ५.५६×४५ (आकडे मिलिमीटरचे), एके-२०३ चं ७.६२×३९ आणि सिग-७१६ चं ७.६२×५१. नवी रायफल आली की बातम्यांत तिचा फोटो येतो, वजन येतं, मिनिटाला किती गोळ्या सुटतात ते येतं. तिच्यात जे भरायचं त्याबद्दल एखादं वाक्य आलं तर नशीब. खरं तर काडतूस आधी ठरतं आणि रायफल त्याच्याभोवती बांधली जाते. नळी किती लांब, मॅगझीन किती मोठं, झटका किती, जवानाच्या अंगावर ओझं किती, हे सगळं त्या बोटभर पितळेतच ठरून गेलेलं असतं. म्हणून हे पान.

गोळी, काडतूस, राऊंड, पुंगळी यांत फरक काय?

काडतूस म्हणजे अख्खी वस्तू. पितळेची नळकांडी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढल्यावर पुढे जाते ती फक्त गोळी. मागे पडते ती रिकामी पुंगळी. फौजेत सरसकट ‘राऊंड’ म्हणतात. बोलताना आपण काडतुसालाही गोळी म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही, पण वजनाची चर्चा निघाली की फरक लक्षात ठेवावा लागतो. ५.५६ ची गोळी साधारण ४ ग्रॅमची असते, तर अख्खं काडतूस १२ ग्रॅमचं.

एके-२०३ आणि सिग-७१६ दोन्ही ७.६२ च्या. म्हणजे एकमेकींच्या गोळ्या चालतात ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की कधीकधी बातम्यांतही दिसतो. पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, म्हणजे नळीच्या भोकाचा. दुसरा आकडा पुंगळीच्या लांबीचा. ७.६२×३९ ची पुंगळी ३९ मिमी लांब आणि निमुळती, ७.६२×५१ ची ५१ मिमी लांब आणि बरीच सरळ. दुसरीत दारू जवळजवळ दुप्पट मावते. पहिलीची गोळी ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ७१५ मीटरच्या आसपास. दुसरीची साडेनऊ ग्रॅमची, वेग साधारण ८४० मीटर. नळीतून बाहेर पडताना पहिलीत सुमारे २,००० ज्यूल ऊर्जा असते, दुसरीत ३,३०० च्या पुढे. एकीचं काडतूस दुसरीत बसतच नाही. ‘७.६२ चांगलं की ५.५६?’ हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. आधी विचारावं, कोणतं ७.६२?

एकेच्या मॅगझीनला तो ओळखीचा बाक का, याचंही उत्तर इथेच आहे. निमुळती काडतुसं एकावर एक रचली की रास आपोआप वाकते. शिवाय निमुळती पुंगळी नळीच्या मागच्या टोकाला ती जिथे बसते त्या घरातून चटकन सुटते. घाणीत, चिखलात एके चालत राहते, त्यात रायफलच्या रचनेइतकाच या काडतुसाच्या आकाराचाही वाटा आहे.

५.५६ शत्रूला फक्त जखमी करण्यासाठीच बनवलं, म्हणजे त्याला उचलायला आणखी दोघे गुंततील. हे खरं आहे का?

इन्सास आल्यापासून आपण हे ऐकत आलो आहोत. माजी सैनिकांच्या तोंडून, टीव्हीवरच्या चर्चांतून, कट्ट्यावर. या काडतुसाच्या जन्माचा इतिहास पाहिला तर असा हेतू त्यात कुठेच सापडत नाही. वजन कमी करणं, झटका कमी करणं आणि नेम लागण्याची शक्यता वाढवणं, ही कारणं होती.

मग हा समज आला कुठून? ५.५६ चं वागणं अंतरानुसार खूप बदलतं, यातून आला असावा. ही छोटी गोळी वेगाच्या जोरावर काम करते. अमेरिकी लष्करातले शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी जिलेटिनच्या ठोकळ्यांवर चाचण्या घेऊन हे दाखवून दिलं. जुनी ३.५६ ग्रॅमची एम-१९३ गोळी सेकंदाला साधारण ८०० मीटरच्या वर वेग असेल तर आत शिरल्यावर आडवी होते, कंबरेत मोडते, तिचे तुकडे होतात. वेग त्याखाली गेला की ती मोडत नाही आणि मग तिची जखम तुलनेने लहान राहते. लांब नळीतून सुटलेल्या गोळीचा वेग दीड-दोनशे मीटरपर्यंत त्या रेषेच्या वर असतो. नळी आखूड केली की हे अंतर झपाट्याने घटतं. एकाच काडतुसाबद्दल एक जवान ‘जबरदस्त’ म्हणतो आणि दुसरा ‘कुचकामी’ म्हणतो, ते यामुळे. दोघेही खरं बोलत असतात, दोघांची अंतरं वेगळी असतात.

याची दुसरी बाजू क्वचितच कोणी सांगतं. ७.६२×३९ ची मूळ रशियन गोळी, पोलादी गाभ्याची, फॅकलर यांच्या चाचण्यांत सुमारे २६ सेंटीमीटर सरळ जाऊन मगच आडवी होऊ लागली. माणसाच्या छातीची जाडी त्याहून कमी भरते. म्हणजे ‘एकेची गोळी लागली की संपलंच’ हेही तितकंसं खरं नाही. गोळीचा आकार, तिच्या आतली बनावट आणि ती कुठे लागते, यांवर सगळं आहे. जाडीवर फार थोडं.

मग जगाने मोठी काडतुसं सोडून छोट्यांकडे मोर्चा वळवला कशासाठी?

यासाठी जरा मागे जावं लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी .३०३ (हा आकडा इंचांतला) सारखी काडतुसं आली तेव्हा कल्पना अशी होती की पलटण एका ओळीत उभी राहील आणि हुकुमाबरोबर हजार-दोन हजार यार्डांवरच्या जमावावर एकदम गोळ्यांचा सडा टाकेल. ली-एनफिल्डच्या जुन्या रायफलींवर त्यासाठी नेम धरायची वेगळी ‘साइट’ असायची. हे काम पुढे मशीनगन आणि तोफांनी घेतलं, पण काडतूस तसंच मोठं राहिलं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ७.९२×३३ हे आखूड काडतूस आणलं. रशियनांनी १९४३ मध्ये ७.६२×३९ तयार केलं. अमेरिकेत १९५२ मध्ये नॉर्मन हिचमन यांनी लष्करासाठी अहवाल लिहिला. पायदळाची रायफल ३०० यार्डांपलीकडे क्वचितच वापरली जाते, आणि नेमाचा उपयोग १०० यार्डांपुढेच झपाट्याने घसरतो, असा त्याचा निष्कर्ष. लढाईत जवान धापा टाकत असतो, अंगावर गोळ्या येत असतात, समोरचा आडोशाला असतो. अशा वेळी ८०० मीटरवर मारू शकणारं काडतूस तो ८० मीटरवर वापरतो आणि उरलेल्या ताकदीचं ओझं मात्र वाहतो.

तरीही नाटोने १९५४ मध्ये ७.६२×५१ स्वीकारलं. ब्रिटनकडे तेव्हा .२८० नावाचं मधल्या ताकदीचं फार विचारपूर्वक बनवलेलं काडतूस होतं, त्याची ईएम-२ रायफलही तयार होती. १९५१ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने ते स्वीकारलंही. त्याच वर्षी चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले आणि अमेरिकेशी एकवाक्यता राखण्यासाठी ते मागे घेतलं गेलं. ज्या अमेरिकेने मोठ्या काडतुसाचा हट्ट धरला, तिनेच दहा-बारा वर्षांत व्हिएतनाममध्ये ५.५६ हाती घेतलं. नाटोने १९८० मध्ये त्याची सुधारलेली एसएस-१०९ गोळी प्रमाण मानली. रशिया १९७४ मध्ये ५.४५×३९ कडे गेला होता, चीनने १९८७ मध्ये स्वतःचं ५.८×४२ काढलं.

आणि भारताचा प्रवास?

१९६२ मध्ये आपले जवान .३०३ च्या बोल्ट रायफली घेऊन लढले. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करायचा. समोर चिनी सैन्याकडे ७.६२×३९ च्या अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित रायफली होत्या. ती जखम खोल गेली. त्यानंतर इशापूरच्या कारखान्याची ७.६२×५१ ची एसएलआर, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल आली आणि १९७१ चं युद्ध तिच्या जोरावर लढलं गेलं. माझे थोरले मामा एसएलआरवाले. त्या रायफलीबद्दल बोलताना त्यांचा आवाज अजूनही बदलतो. ‘एक मारली की समोरचा उठत नसे,’ एवढंच म्हणतात.

मग पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या सरकारी शस्त्र-संशोधन संस्थेने आराखडा केलेली ५.५६ ची इन्सास १९९० च्या दशकात आली. काश्मीरमध्ये दहशतवाद्यांकडे एके होत्या, म्हणून त्याच काळात पूर्व युरोपातून एकेही आणल्या गेल्या. २०१९ मध्ये ७२,४०० सिग-७१६ चा तातडीचा करार झाला, २०२४ मध्ये आणखी ७३,००० चा. डिसेंबर २०२१ मध्ये अमेठीजवळच्या कोरवा कारखान्यात ६,०१,४२७ एके-२०३ बनवण्याचा करार झाला. म्हणजे येत्या काळात आपल्या पायदळाचं मुख्य काडतूस ७.६२×३९ असणार हे जवळपास नक्की आहे.

५.५६ चं काडतूस १२ ग्रॅम आणि ७.६२×५१ चं २४ ग्रॅम. एवढ्याशा फरकाने काय होतं?

अडीच किलोच्या ओझ्यात ५.५६ ची साधारण दोनशे काडतुसं बसतात, ७.६२×३९ ची दीडशे, ७.६२×५१ ची शंभर. मॅगझीनचं वजन वेगळं.

पाठीवर अडीच लिटर पाणी जास्तीचं घेऊन राजगड चढून बघितला असेल तर मी काय म्हणतोय ते कळेल. आणि ट्रेकर रात्री झोपतो, त्याच्या अंगावर बुलेटप्रूफ जॅकेट नसतं, हेल्मेट नसतं, हातात चार किलोची रायफल नसते. वजनाने पाय जड होतात ही एक गोष्ट. जड पायांचा माणूस आडोशाकडे धावतो तेव्हा उशिरा पोहोचतो, ही दुसरी, आणि ती जास्त महत्त्वाची.

शंभर आणि दोनशे यांतला फरक चकमकीच्या शेवटच्या तासात कळतो. पायदळातल्या बहुसंख्य गोळ्या शत्रूला लागण्यासाठी मारल्याच जात नाहीत. त्याला मान वर काढू न देण्यासाठी मारल्या जातात, म्हणजे आपली दुसरी टोळी बाजूने पुढे सरकू शकेल. या कामात गोळ्या पाण्यासारख्या संपतात. हेलिकॉप्टर येऊ शकत नसेल, खेचर पोहोचत नसेल, तर अंगावर आहे तेवढाच साठा.

झटक्याचं एवढं काय? आपले जवान काही नाजूक नाहीत.

इथे नाजूकपणाचा संबंधच नाही, हा साधा भौतिकशास्त्राचा हिशोब आहे. ७.६२×५१ मधून रायफलला मिळणारा मागचा धक्का ५.५६ च्या साधारण दुप्पट असतो. रायफलचं वजन तेवढंच ठेवलं तर ती दुप्पट वेगाने मागे येते आणि खांद्याला बसणारी ऊर्जा चौपट होते. चौपट! नळीचं तोंड वर उडतं, नजर लक्ष्यावरून हलते, पुन्हा नेम धरायला वेळ लागतो. स्वयंचलित माऱ्यात तर दुसरी-तिसरी गोळी आभाळातच जाते. म्हणूनच एसएलआरमध्ये सलग माऱ्याची सोय ठेवलेली नव्हती. एकेचं ७.६२×३९ या दोहोंच्या मध्ये, पण ५.५६ च्या जवळ.

नव्या रिक्रूटला शिकवताना हे सर्वांत जास्त जाणवतं. मोठ्या काडतुसाला बिचकून मुलं चाप ओढताना डोळे मिटतात, खांदा आधीच आखडतात. ती सवय एकदा लागली की मोडायला महिने जातात.

कारगिलमध्ये इन्सास अडकली. तो ५.५६ चा दोष नव्हता का?

नाही. कारगिलच्या थंडीत प्लास्टिकची मॅगझिनं तडकली, रायफली अडकल्या, या तक्रारी खऱ्या होत्या आणि जवानांनी त्याची किंमत मोजली. पण तडकलं ते मॅगझीन आणि अडकली ती यंत्रणा. त्याच काडतुसाच्या दुसऱ्या देशांच्या रायफली बर्फातही चालत होत्या. दुर्दैवाने आपल्याकडे राग रायफलवरून घसरून काडतुसावर गेला. ‘इन्सास नको’ याचं बघता बघता ‘५.५६ नको’ झालं. माझ्या मते पुढच्या वीस वर्षांतला बराचसा गोंधळ या एका घसरणीतून आला.

आपली लढाई नेमकी किती अंतरावर होते? त्यावरून ठरवता येणार नाही का?

हाच खरा प्रश्न आहे, आणि भारतासाठी तो इतरांपेक्षा अवघड आहे. काश्मीरमधल्या घरात लपलेल्या दहशतवाद्याशी गाठ पडते तेव्हा अंतर एका खोलीचं असतं. नियंत्रण रेषेवर नाल्याच्या या काठावरून त्या काठावर, दोन-तीनशे मीटर. लडाखमध्ये झाड नाही, झुडूप नाही, समोरच्या धारेवरचा माणूस ६००-८०० मीटरवर स्पष्ट दिसतो. ईशान्येच्या जंगलात वीस पावलांपुढचं दिसत नाही. राजस्थानात पुन्हा मोकळं रान.

एका काडतुसाने हे सगळं व्हावं ही अपेक्षाच चुकीची. अमेरिकी सैन्याला अफगाणिस्तानात तोच अनुभव आला. दरीच्या पलीकडून तालिबानी ७.६२×५४ च्या मशीनगनने मारा करायचे आणि ५.५६ च्या आखूड कार्बाइनी तिथवर परिणामकारक नव्हत्या. त्यांनी प्रत्येक जवानाची रायफल बदलली नाही. तुकडीत एखाद-दुसऱ्या चांगल्या नेमबाजाकडे दुर्बीण लावलेली ७.६२×५१ ची रायफल दिली आणि ५.५६ साठी गोळी सुधारली. पाच ग्रॅमची जड, नेमकी एमके-२६२ आणि २०१० पासून एम-८५५ए१.

एके-२०३ ची गोळी लांबवर खाली पडते म्हणतात. किती?

प्रत्येक गोळी पडते, हिची जास्त. १०० मीटरवर नेम बसवलेली ५.५६ ची गोळी ३०० मीटरवर साधारण फूटभर खाली जाते. ७.६२×३९ ची दोन-सव्वादोन फूट. म्हणजे छातीवर नेम धरला तर एक पोटात लागते, दुसरी मांडीच्या आसपास किंवा जमिनीत. साइट फिरवून हे सावरता येतं, पण त्यासाठी अंतर नेमकं ओळखावं लागतं, आणि गोळी जितकी जास्त पडते तितकी अंतराच्या अंदाजातली चूक महाग पडते. ३०० मीटरपर्यंत एके-२०३ उत्तम आहे. ४०० च्या पुढे काम नेमबाजाच्या डोक्यावर येतं.

उंच डोंगरावर गोळी वेगळी वागते का?

हो, आणि हे भारतीय पायदळाइतकं फार थोड्या सैन्यांना भोगावं लागतं. पाच हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास येते. हवा विरळ, म्हणून अडथळा कमी, गोळी लांबवर वेग टिकवते आणि खालच्यापेक्षा वर लागते. दुसरीकडे कडाक्याच्या थंडीत दारू जरा मंद जळते आणि सुरुवातीचा वेग घटतो. बेळगावच्या रेंजवर झिरो केलेली, म्हणजे ठरावीक अंतरासाठी साइट जुळवलेली रायफल सियाचीनला तशीच वापरता येत नाही, तिथे पुन्हा झिरो करावीच लागते.

त्यात चढ-उतार. ४५ अंशांच्या उतारावर ३०० मीटर तिरकं अंतर असलं, तरी गोळी पडते ती आडव्या अंतराच्या हिशोबाने, म्हणजे सुमारे २१० मीटरच्या. ३०० ची साइट लावली तर गोळी नेमापेक्षा वर जाईल. वर मारा असो वा खाली, नियम तोच. काडतूस जितकं वेगवान आणि सपाट जाणारं, तितका हा सगळा हिशोब सोपा. पहाडी लढाईसाठी ७.६२×५१ आणि सुधारलेलं ५.५६ यांच्या बाजूने माझं मत झुकतं ते यामुळे.

समोरच्याने बुलेटप्रूफ जॅकेट घातलं असेल तर?

सिरॅमिकच्या चांगल्या प्लेटपुढे या तिन्ही काडतुसांच्या साध्या गोळ्या थांबतात. इथे ‘मोठी गोळी आरपार जाते’ हे गृहीत चालत नाही. भेदनशक्ती येते ती कठीण गाभ्यातून आणि वेगातून. एसएस-१०९ च्या टोकात पोलाद घातलं ते ६०० मीटरवर साडेतीन मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा भेदता यावा म्हणून. साध्या शिशाच्या ७.६२×५१ गोळीला पोलादावर ते तितकं सहज जमत नाही.

आपल्याला हा धडा उलट बाजूने मिळाला. २०१७ च्या अखेरीस पुलवामातल्या लेथपोरा इथल्या सीआरपीएफ तळावर हल्ला झाला, तेव्हा दहशतवाद्यांनी कठीण पोलादी गाभ्याच्या गोळ्या वापरल्याचं समोर आलं. पुढच्या वर्षी भारतीय मानक ब्यूरोने जॅकेटांसाठी आयएस १७०५१ हे मानक आणलं. काडतूस आणि चिलखत यांची ही शर्यत थांबणारी नाही.

मग अमेरिकेचं नवं ६.८×५१ आपणही का घेऊ नये?

चिलखताच्या याच भीतीपोटी अमेरिकेने एप्रिल २०२२ मध्ये सिगची एक्सएम-७ रायफल निवडली. तिच्या काडतुसात दाब ८०,००० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पौंड) जातो. नेहमीची पितळी पुंगळी एवढा दाब सोसत नाही, म्हणून बूड पोलादाचं आणि अंग पितळेचं असं जोडकाम आहे. मारा लांबचा, भेदन जबरदस्त. किंमत काय? मॅगझीनमध्ये ३० ऐवजी २० गोळ्या. जवानाच्या अंगावर २१० ऐवजी १४०. सायलेन्सरसकट रायफल साडेचार किलोच्या घरात, त्यावर दुर्बीण. एसएलआरच्या काळातलं ओझं नव्या कपड्यांत परत आलं आहे. श्रीमंत, गाड्यांतून फिरणाऱ्या सैन्याला कदाचित परवडेल. चौकीवर पायी चढणाऱ्या आपल्या जवानासाठी मला ते पटत नाही.

६.५ किंवा ६.८ चं मधलं काडतूस आदर्श नाही का?

कागदावर आहे. ६ ते ७ मिलिमीटरच्या दरम्यानच्या लांबट गोळ्या हवा छान कापतात, वेग टिकवतात, झटकाही सोसण्याइतका. शंभर वर्षं तज्ज्ञ हेच सांगत आले आहेत. अमेरिकेत गॅरंडची रायफल आधी .२७६ साठीच बनत होती. १९३२ मध्ये लष्करप्रमुख मॅकआर्थर यांनी ते नाकारलं, कारण .३०-०६ चा प्रचंड साठा पडून होता. .२८० चं काय झालं ते वर आलंच. दोन्ही वेळा मधलं काडतूस गुणांवर हरलं नाही, गोदामांवर हरलं.

नवं काडतूस म्हणजे नवे साचे, नवी गेज, तपासणीची नवी यंत्रणा, युद्धसाठ्यासाठी कोट्यवधी नग, मशीनगनचे पट्टे, प्रशिक्षणाची नवी कोष्टकं. इन्सास आली तेव्हा सुरुवातीला तिच्या गोळ्याही परदेशातून आणाव्या लागल्या होत्या, हे विसरू नये. मधलं काडतूस भारताने जरूर घ्यावं, पण घाईच्या खरेदीतून कधीच नाही. एआरडीईने दहा वर्षं शांतपणे गोळी, दारू आणि नळी यांवर काम करावं, मग.

एकाच रायफलमध्ये नळी बदलून दोन्ही काडतुसं वापरता आली तर?

लष्कराने २०११ मध्ये नेमकी हीच मागणी केली होती. नळी बदलून ५.५६×४५ आणि ७.६२×३९ दोन्ही चालवणारी रायफल. परदेशी कंपन्या आल्या, चाचण्या झाल्या आणि २०१५ मध्ये निविदा रद्द झाली. कल्पना मोहक आहे, पण चौकीवरचा जवान दुसरी नळी, दुसरा बोल्ट, दुसरी मॅगझिनं कुठे ठेवणार? बदलल्यावर झिरो कुठे करणार? दोन काडतुसांतली निवड टाळण्यासाठी काढलेली ती पळवाट होती, आणि तिच्यात चार वर्षं गेली.

ठीक, पण तुम्हाला निवडायला सांगितलं तर?

कोरी पाटी असती तर मी सर्वसाधारण जवानासाठी ५.५६×४५ च ठेवलं असतं. सुधारलेल्या जड गोळीसह, किमान ४५ सेंटीमीटरच्या नळीतून, प्रत्येक रायफलवर दुर्बीण लावून. तुकडीत दोन नेमबाजांकडे ७.६२×५१ आणि लाइट मशीनगनही त्याच काडतुसाची. मशीनगनचं झालंच आहे, २०२० मध्ये १६,४७९ नेगेव्ह घ्यायचं ठरलं त्या ७.६२×५१ च्याच.

पण पाटी कोरी नाही. सहा लाख एके-२०३ येत आहेत, आणि ती भरवशाची रायफल आहे. ५.५६ ही जाणार नाही, एआरडीईच्या आराखड्यावर पुण्याच्या भारत फोर्जने बनवायला घेतलेली नवी कार्बाइन त्याच काडतुसाची आहे. तेव्हा आज पैसा उरला तर तो चौथं काडतूस शोधण्यात घालू नये. एके-२०३ वर चांगली दुर्बीण द्यावी, ७.६२×३९ साठी आपल्याच कारखान्यांत हवा नीट कापणारी, लवकर आडवी होणारी गोळी बनवावी आणि जवानाला वर्षभरात सरावासाठी मिळणारे राऊंड वाढवावेत. शेवटची गोष्ट मी पहिली लिहायला हवी होती. सरावाला भरपूर गोळ्या मिळालेला जवान कोणत्याही काडतुसाने नेम साधतो.

शरीरात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळ्या वापरल्या तर प्रश्नच मिटेल ना?

युद्धात त्यांना बंदी आहे, १८९९ च्या हेग जाहीरनाम्यापासून. त्या बंदीमागे भारतातलीच गोष्ट आहे. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी १८९० च्या दशकात .३०३ ची, टोकाचं शिसं उघडं ठेवलेली गोळी बनवली. ती वायव्य सरहद्दीवर वापरली गेली आणि तिच्या जखमांवरून युरोपात गदारोळ झाला. ‘डमडम’ हा शब्द जगभर गेला तो इथूनच.

यातलं काही महाराष्ट्रात बनतं का?

बरंच. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळचा वरणगावचा कारखाना १९६० च्या दशकात उभा राहिला तो रायफलीच्या काडतुसांसाठीच. खानदेशातल्या कित्येक घरांचा संसार त्या पितळेवर उभा राहिला. ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत आणि तिचं मुख्यालय पुण्यात आहे. इन्सासचा आराखडा पाषाणचा, हे वर आलंच.

फायरिंग झाल्यावर जवान जमिनीवरून पुंगळ्या का वेचतात?

हिशोब द्यावा लागतो म्हणून. जेवढे राऊंड काढले, तेवढ्या पुंगळ्या किंवा न उडालेले राऊंड परत जमा करावे लागतात. एखादी कमी पडली तर संध्याकाळ होईपर्यंत सगळी पलटण रेंजवरच्या गवतात वाकून शोधत असते. मामा सांगतात, एसएलआरची पुंगळी बोटाएवढी, लांबूनही चमकायची. इन्सासची गवतात हरवली की मिळायची नाही.